बिनपत्त्याचे मंडळ आणि त्याचा जमाखर्च

१९५६ च्या मार्च महिन्यात, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरी, मार्टिन ल्यूथर किंग या अवघ्या सत्तावीस वर्षांच्या धर्मोपदेशकावर बसगाड्यांवरील बहिष्काराचा कट केल्याच्या आरोपावरून सरकारने जो खटला भरला, त्यात बचावपक्षातर्फे जबानी देण्यास उभ्या राहिलेल्या साक्षीदारांत जॉर्जिया गिलमोर नावाच्या एक स्वयंपाकीणबाई होत्या. वय छत्तीस, पदरी सहा मुले, आणि वाणी रोखठोक. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात आपण पुढच्या दाराने बसमध्ये चढून पेटीत भाडे टाकले, खाली उतरून मागच्या दाराने चढावे असा चालकाने हुकूम केला, आणि आपण उतरून मागच्या दारापर्यंत पोचण्याच्या आत तो गाडी हाकून चालता झाला, एवढी हकिकत त्यांनी न्यायाधीशांपुढे सांगितली. त्या दिवसापासून आपण बसची पायरी चढलो नाही, हेही त्यांनी नमूद केले. किंग दोषी ठरले आणि त्यांना पाचशे डॉलर दंड झाला. गिलमोरबाईंना न्यायालयाने काही शिक्षा दिली नाही. ती त्यांच्या मालकाने दिली. शहरातल्या ज्या उपाहारगृहात त्या रांधण्याचे काम करीत, तेथून त्यांना काढून टाकण्यात आले.

चळवळींचा इतिहास लिहिणारे बहुधा व्यासपीठाकडे तोंड करून बसतात, त्यामुळे मुदपाकखाना त्यांच्या पाठीमागे राहतो. माँटगोमेरीच्या त्या ३८१ दिवसांच्या बहिष्काराची भाषणे, प्रार्थना आणि न्यायनिवाडे जगाला ठाऊक आहेत. परंतु एवढा दीर्घ काळ हजारो माणसे बसविना कामावर जात-येत राहिली, तर त्या वाहतुकीचा खर्च कोणी सोसला, आणि तो पैसा कोणत्या चुलीवरून आला, हा प्रश्न विचारल्याखेरीज त्या लढ्याचे अर्धे चरित्र हाती लागत नाही. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियांनी अन्न, पाककर्म आणि शुश्रूषा यांना राजकारणाच्या केंद्रस्थानी आणले ते करुणेच्या उमाळ्याने आणले, असे समजण्याची चाल आहे. त्यांच्या हिशेबाच्या वह्या जरा बारकाईने पाहिल्या, तर त्यामागे पारतंत्र्याच्या अर्थशास्त्राची पक्की जाण होती असेच दिसून येते.

चौदा डॉलरांचे भांडवल

१ डिसेंबर १९५५ रोजी, बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूला देण्यास नकार दिल्यामुळे, रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना अटक झाली आणि ५ डिसेंबरला बहिष्कार सुरू झाला. त्याच रात्री होल्ट स्ट्रीटवरील प्रार्थनामंदिरात हजारोंची सभा भरली. गिलमोरबाईंनी पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी आपसांत वर्गणी काढून चौदा डॉलर जमवले, त्यात कोंबड्या, पाव आणि सॅलडची पाने विकत आणली, आणि तळलेल्या कोंबडीची सँडविचे करून ती सभेला आलेल्या लोकांना विकली. आलेली रक्कम चळवळीच्या खजिन्यात जमा झाली. पुढे रताळ्याचे ‘पाय’ (म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ), लोण्याचे जाड केक, तळलेली मासळी, डुकराच्या मांसाचे तळलेले काप आणि शिजवलेली पालेभाजी हे जिन्नस घरोघरच्या चुलींवर होऊ लागले, आणि केशभूषेची दुकाने, धोबीखाने, टॅक्सीचे थांबे, सभांची मैदाने अशा ठिकाणी विकले जाऊ लागले.

या बायकांनी आपल्या मंडळाला जे नाव दिले, ते त्यांच्या मुत्सद्दीपणाची साक्ष आहे. ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे ज्याचा पत्ताच नाही असे मंडळ. मंडळातल्या बहुतेक जणी गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणेभांडी आणि मुलांची देखभाल करणाऱ्या होत्या. बहिष्काराला आपण पैसा पुरवतो हे मालकिणीच्या कानी गेले असते, तर दुसऱ्या दिवशी चूल विझली असती. शिवाय सहानुभूती बाळगणारे काही गोरे लोकही गुपचूप पैसे देत आणि केक विकत घेत. त्यांच्याही नावाची वाच्यता परवडणारी नव्हती. पैसा कोठून आला असे कोणी विचारलेच, तर ‘कोठूनच नाही’ असे उत्तर खोटे न बोलता देता यावे, अशी ही योजना होती. देणगीदारांची नावे केवळ गिलमोरबाईंना ठाऊक असत. मोठमोठ्या संस्थानांच्या गुप्त खात्यांतही जी शिस्त अभावाने आढळते, ती या मंडळाने पाळली.

सोमवारच्या सभेत गिलमोरबाई उभ्या राहून त्या आठवड्याची रक्कम जाहीर करीत. ती शंभर-सव्वाशे डॉलर, कधी त्याहूनही अधिक असे, आणि ती ऐकून सभागृह उठून टाळ्यांचा कडकडाट करी. शहराच्या दुसऱ्या भागात इनेझ रिक्स या बाईंनी ‘फ्रेंडली क्लब’ या नावाने असेच दुसरे मंडळ काढले, आणि कोणाची रक्कम मोठी अशी चुरस दोन्ही मंडळांत लागली. त्या चुरशीचा नफा अर्थातच चळवळीचा झाला.

हा पैसा जाई कोठे? बहिष्कारवाल्यांनी सुमारे तीनशे खासगी मोटारींच्या फेऱ्यांची व्यवस्था उभारली होती. ठरावीक थांबे, ठरावीक वेळा आणि वाहनांचा ताळेबंद यांसह ती इतकी चोख चाले की विरोधकांनाही तिची दखल घ्यावी लागली. प्रार्थनामंदिरांच्या नावे मोठ्या स्टेशन वॅगन गाड्या खरेदी करण्यात आल्या. स्थानिक विमा कंपन्यांनी त्यांचे विमे रद्द केले, तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा उतरवून घ्यावा लागला. पेट्रोल, दुरुस्ती आणि विम्याचे हप्ते यांच्या खर्चात केकच्या तुकड्यांचे पैसे मिसळले, आणि त्या गाड्यांतून जे उतारू जात त्यांतही गोऱ्यांच्या घरी रांधायला निघालेल्या बायका फार होत्या. यातला सर्वांत गमतीचा भाग असा की, शहरच्या अनेक गोऱ्या गृहिणींना स्वयंपाकिणीवाचून घर चालवणे अशक्य वाटल्यामुळे त्या स्वतः मोटार घेऊन आपल्या बाईला आणायला आणि पोचवायला जाऊ लागल्या. शहराचे महापौर गेल यांनी त्याबद्दल या गृहिणींची जाहीर कानउघाडणी केली, तरीही मोटारी जातच राहिल्या. घरकामाला बाजारभावाने कवडीमोल ठरवणारी व्यवस्था त्या कामावर किती अवलंबून होती, याचा याहून चोख पुरावा कोणा अर्थशास्त्रज्ञालाही देता आला नसता.

नोकरी गेल्यावर किंग यांनी गिलमोरबाईंना स्वतःचाच धंदा काढण्याचा सल्ला दिला आणि भांड्याकुंड्यांसाठी आर्थिक साहाय्यही केले. डेरिकोट स्ट्रीटवरील त्यांच्या घरातले जेवणाचे टेबल मग शहराची एक बिनपाटीची खानावळ झाली. मजूर, शिक्षक, वकील आणि धर्मोपदेशक तेथे मांडीला मांडी लावून जेवत. स्वतः किंग आपल्या खाजगी मसलतींसाठी तेथे येत. स्वयंपाकीण आता कोणाची नोकर नव्हती, आणि म्हणूनच १९५८ साली, शहराच्या एका उद्यानातून जाणाऱ्या आपल्या मुलाला मारहाण होऊन अटक झाल्यावर, माँटगोमेरी नगरपालिकेवर फिर्याद गुदरण्याचे धैर्य तिला परवडले. उद्यानांतील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल १९५९ मध्ये लागला. ‘गिलमोर विरुद्ध माँटगोमेरी शहर’ हा दावा पुढे वाढत जाऊन १९७४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, आणि वर्णभेद पाळणाऱ्या खासगी शाळांना नगरपालिकेची मैदाने राखून देण्याच्या प्रथेवर त्याने लगाम घातला. कायद्याच्या ग्रंथांत एका आचाऱ्याचे नाव असे कायमचे दाखल झाले.

शिधा रोखण्याचे शास्त्र

माँटगोमेरी हे शहर होते. तेथे निदान मजुरी रोखीने मिळे. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात, डेल्टा नामक सुपीक पट्ट्यात, कापसाच्या मळ्यांवर बटईने राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुळांच्या नशिबी तेवढेही नव्हते. जमीन मालकाची, झोपडी मालकाची, बी-बियाणे आणि पीठमीठ मालकाच्याच दुकानातून उधारीवर, आणि हंगामाअखेर हिशेबाची वही मालकाच्या हाती. ज्याच्या कोठारातून पीठ यायचे, त्याच्या मर्जीविरुद्ध मत देण्याचा विचार कुळाच्या मनात येऊ नये, अशी ही पिढ्यान्पिढ्यांची तजवीज होती.

१९६२ च्या हिवाळ्यात लेफ्लोर काउंटीत या तजविजीचे नागडे रूप दिसले. कृष्णवर्णीयांनी मतदार म्हणून नावे नोंदवण्याची चळवळ ग्रीनवूड गावी सुरू करताच, काउंटीच्या कारभारी मंडळाने मध्यवर्ती सरकारकडून येणाऱ्या फुकट शिध्याचे वाटप बंद केले. पीठ, तांदूळ आणि दुधाची भुकटी यांवर हिवाळा काढणारी वीस हजारांहून अधिक माणसे त्यामुळे उपाशी पडली. देशभरातून सहानुभूतिदारांनी धान्याच्या गाड्या धाडल्या, आणि वाटपाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना, आपली उपासमार आणि आपला मताधिकार या एकाच दप्तरातल्या दोन नोंदी आहेत हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

या प्रदेशातल्या फॅनी लू हेमर यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे हा संबंध अधिकच स्पष्ट होतो. १९१७ साली बटईदाराच्या घरी वीस भावंडांतले शेंडेफळ म्हणून त्या जन्मल्या आणि सहाव्या वर्षी कापूस वेचू लागल्या. एका बऱ्या हंगामानंतर त्यांच्या वडिलांनी खेचरे, गाय आणि औते विकत घेऊन स्वतंत्र कुळवहिवाटीची आशा धरली, तोच रात्री कोणा गोऱ्या शेजाऱ्याने जनावरांच्या आंबोणात विष कालवले. जनावरे मेली, आणि कुटुंब पुन्हा बटईवर आले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, सतरा सोबत्यांसह इंडियानोला गावी जाऊन त्यांनी मतदारयादीत नाव नोंदवण्याचा अर्ज केला, आणि ज्या मळ्यावर त्या अठरा वर्षे हजेरी-मापाचे काम पाहत होत्या, तेथून त्यांना त्याच रात्री बेदखल करण्यात आले. पुढल्या वर्षी विनोना येथील तुरुंगात त्यांना झालेली मारहाण इतकी भयंकर होती की, तिच्या खुणा त्यांच्या मूत्रपिंडावर आणि दृष्टीवर जन्मभर राहिल्या. त्याआधीच, १९६१ साली, एका लहानशा शस्त्रक्रियेच्या निमित्ताने त्यांना न विचारता डॉक्टरांनी त्यांचे गर्भाशय काढून टाकले होते. गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला हे इतक्या सर्रास येई की लोकांनी त्या प्रकाराला एक उपरोधिक नावच देऊन टाकले होते. भाकरी, मत आणि देह या तिन्हींवर परक्याची हुकमत कशी चालते, हे जिने स्वतः सोसले होते, तिने पुढे शेतीकडे वळावे यात नवल नाही.

मताधिकाराचा कायदा १९६५ साली झाला; पण त्याच सुमारास मळ्यांवर कापूस वेचणारी यंत्रे आणि तणनाशके आली, मजुरांची गरज संपली, आणि फुकट शिध्याच्या जागी रोख पैसे भरून घ्यावयाची अन्नकुपने आली. ज्यांच्या हाती रोकड कधीच येत नसे त्यांच्यासाठी ही कुपने म्हणजे उपासाचे नवे फर्मानच होते. तेव्हा हेमरबाईंनी १९६९ मध्ये सनफ्लॉवर काउंटीत चाळीस एकर जमीन मिळवून ‘फ्रीडम फार्म’ नावाची सहकारी शेती सुरू केली. पुढे तिच्यात आणखी सहाशे चाळीस एकरांची भर पडली. सभासदत्वाची वर्गणी महिना एक डॉलर होती, आणि तीही बहुसंख्य कुटुंबांना झेपत नसे. पण वर्गणी थकली म्हणून कोणाला भाजीचा वाटा नाकारला जात नसे. वाटाणे, घेवडा, भेंडी, मका आणि कोलार्डची पाने ही पिके प्रथम पोटासाठी. कापूस आणि सोयाबीन ही जमिनीचे हप्ते फेडण्यासाठी.

या शेतीतला सर्वांत कल्पक भाग म्हणजे डुकरांची पेढी. डोरोथी हाइट यांच्या अध्यक्षतेखालील नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या संस्थेने काही माद्या आणि मोजके नर एवढे भांडवल दिले. कुटुंबाने गाभण डुकरीण न्यावी, तिची निगा राखावी, आणि वेत झाल्यावर झालेल्या पिलांपैकी ठरलेली पिले पेढीत परत भरावीत, उरलेली त्यांची. ती भरलेली पिले पुढच्या कुटुंबाकडे जात. काही वर्षांत या मार्गाने हजारो डुकरे घरोघरी पोचली, आणि व्याज घेणारा सावकार या साखळीत कोठेच नव्हता. हेमरबाईंच्या सांगण्याचा आशय असा की, परसात डुक्कर आणि वाफ्यात भाजी असली, हिवाळ्यासाठी बरण्या भरून ठेवल्या, की कोणी तुम्हाला इकडून तिकडे हुसकू शकत नाही. स्वराज्याची याहून सुटसुटीत घटना क्वचितच कोणी लिहिली असेल.

हा प्रयोग टिकला नाही, हे सांगितलेच पाहिजे. पूर, अवर्षण आणि वादळ यांनी पिके बुडवली. बाहेरच्या देणग्या आटल्या. स्वतः हेमरबाईंची प्रकृती ढासळली, आणि १९७६ च्या सुमारास करांच्या थकबाकीपोटी जमीन हातची गेली. १४ मार्च १९७७ रोजी, कर्करोग आणि रक्तदाबाच्या व्याधींनी, एकोणसाठाव्या वर्षी त्या वारल्या. जिने एवढ्या कुटुंबांच्या हिवाळ्याची बेगमी केली, तिच्या स्वतःच्या आजारपणाची बेगमी करणारी यंत्रणा मात्र कोणीच उभारली नव्हती.

न्याहारीची पंगत

मिसिसिपीत शेती उभी राहत होती, त्याच वर्षी, जानेवारी १९६९ मध्ये, कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी सेंट ऑगस्टीन प्रार्थनामंदिराच्या दालनात कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या सशस्त्र संघटनेने शाळकरी मुलांना फुकट न्याहारी देण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी अकरा मुले आली. आठवडा संपेपर्यंत ती एकशे पस्तीस झाली. धर्मोपदेशक अर्ल नील यांच्याबरोबर या कामाची घडी बसवली ती रूथ बेकफर्ड या नृत्यशिक्षिकेने: आहारतज्ज्ञांचा सल्ला घेऊन पदार्थ ठरवणे, पालकांच्या पाळ्या लावणे, दुकानदारांकडून जिन्नस मिळवणे, पहाटे चूल पेटवणे. अंडी, मांस, मक्याची जाडसर पेज, भाजलेला पाव आणि दूध असा बेत असे. त्या वर्षअखेर ही पद्धत अनेक शहरांत पसरली. संघराज्याच्या गुप्त पोलीस खात्याचे प्रमुख हूव्हर यांनी मे महिन्यात आपल्या कचेऱ्यांना धाडलेल्या टिपणात, या न्याहारीला संघटनेचे सर्वांत प्रभावी आणि म्हणूनच सर्वांत धोकादायक कार्य मानले. बंदुकांपेक्षा पेजेची भीती अधिक वाटावी, हे सरकारच्या दृष्टीने तर्कशुद्धच होते. कारण बंदूक बाळगणाऱ्यावर खटला भरता येतो, उपाशी पोराला अंडे देणाऱ्यावर कोणत्या कलमाखाली भरावा? शाळांतून न्याहारी देण्याची सरकारी योजना १९६६ पासून प्रयोगादाखल चालू होती. ती कायम झाली १९७५ साली.

पँथर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती याच संघटनेचे नाव घेऊन. त्याही आधी जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता, आणि १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार करून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय या दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नोंदवले होते. हा शंभर वर्षांचा धागा खरा आहे. परंतु त्या धाग्यावरून आपल्याकडे आला तो मुख्यतः विद्रोहाचा आवाज आणि कवितेतला अंगार. ओकलंडच्या पहाटेच्या चुली आणि त्या पेटवणाऱ्या बायका आपल्या वाचनात अभावानेच आल्या. आपल्याच चळवळीतल्या बायकांचा वृत्तांतही उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात १९८९ साली एकत्र केला, तोवर बव्हंशी विखुरलेलाच होता.

अर्थात ओकलंडलाही सर्व आलबेल नव्हते. सत्तरच्या दशकात पँथर संघटनेत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली. एलेन ब्राउन १९७४ ते १९७७ संघटनेच्या अध्यक्षा होत्या, आणि एरिका हगिन्स यांनी चालवलेल्या शाळेत मुलांना शिक्षणाबरोबर तिन्ही वेळचे अन्न मिळे. तरीही पुरुष सहकाऱ्यांचे वर्तन, हाणामारी आणि ‘क्रांती झाल्यावर पाहू’ असा टोलवाटोलवीचा सूर यांविषयी ब्राउन यांनी १९९२ च्या आत्मचरित्रात जे लिहिले, ते वाचले म्हणजे चूल सार्वजनिक केल्याने ती आपोआप समतेची होत नाही, हे पटते. भांडी कोणी घासायची हा प्रश्न क्रांतीच्या दाराशी तसाच उभा होता.

टबमन यांचे ‘पाय’ आणि एका टेबलाचा छापखाना

तो प्रश्न उचलून त्याला तत्त्वज्ञानाची बैठक दिली ती १९७४ साली बॉस्टन येथे जमलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांच्या गटाने. बार्बरा स्मिथ, बेव्हर्ली स्मिथ आणि डेमिटा फ्रेझियर यांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या निवेदनाचा गाभा असा की, वंश, लिंग आणि वर्ग यांची दडपणे एकमेकांत गुंतलेली असतात. आणि समाजाच्या तळाशी असलेली कृष्णवर्णीय स्त्री मुक्त व्हायची, तर वरचे सारेच मजले मोडावे लागतील, म्हणून तिच्या मुक्तीत सर्वांची मुक्ती आहे. गटाने आपले नाव घेतले ‘कोंबाही रिव्हर कलेक्टिव्ह’ असे, दक्षिण कॅरोलिनातील त्या नदीवरून, जिच्या काठावर जून १८६३ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट टबमन यांनी सरकारी फौजेच्या गलबतांना वाट दाखवून साडेसातशेहून अधिक गुलामांची सुटका घडवली होती.

टबमन यांची ही लष्करी कामगिरी प्रसिद्ध आहे. त्याच काळात छावणीत त्यांचा दिनक्रम काय होता, हे कमी सांगितले जाते. इतर मुक्त गुलामांना त्यांना मिळणाऱ्या सरकारी शिध्याचा हेवा वाटू लागला, तेव्हा त्यांनी तो शिधा सोडून दिला. दिवसा इस्पितळात रुग्णांची शुश्रूषा करावयाची, मुळ्या-पानांच्या काढ्याने हगवणीचे रोगी बरे करावयाचे, आणि रात्री ‘पाय’ आणि आल्याची पोळी भाजून व मुळ्यांचे पेय उकळून दुसऱ्या दिवशी विक्रीला पाठवावयाचे, असा त्यांचा क्रम होता. हातात आलेल्या पैशांतून त्यांनी एक धोबीखाना उभारला, तो नव्याने मुक्त झालेल्या बायकांना फौजेचे कपडे धुऊन स्वतःची मजुरी कमावता यावी म्हणून. आयुष्याच्या अखेरीस, १९०८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथे त्यांनी वृद्ध आणि निराधार कृष्णवर्णीयांसाठी आश्रम उघडला, आणि १९१३ साली त्याच आश्रमात त्यांचा अंत झाला. आपण ज्यांची सेवा केली त्यांच्याच पंगतीला शेवटी आपल्यालाही पान मिळावे, एवढी व्यवस्था टबमन यांनी करून ठेवली होती. हेमरबाईंना तेवढी सवड मिळाली नाही.

१९८० साली कवयित्री ऑड्रे लॉर्ड, बार्बरा स्मिथ आणि त्यांच्या सहकारिणींनी प्रकाशनसंस्था काढली, तिचे नाव ‘किचन टेबल’ ठेवले. कारण बायका काम करता करता बोलतात आणि विचार करतात ते स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवतीच. लॉर्ड यांना कर्करोगाने ग्रासले होते, आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी स्वतःची देखभाल ही चैन नसून आत्मरक्षणाची, म्हणजेच राजकीय लढाईची कृती होय, असे प्रतिपादन केले. अलीकडे त्या विधानाचा वापर सुगंधी साबण विकण्यासाठीही होतो. मूळ लेखिकेच्या मनात मात्र साबण नव्हता. ज्या समाजात आपल्या आजारी देहाची किंमत शून्य धरली जाते, तेथे तो देह राखून ठेवणे हाच प्रतिकार होतो, असे त्यांना म्हणावयाचे होते.

मेहनतान्याची बाब

या साऱ्या परंपरेतून एक कठोर व्यावहारिक मागणी निघते, आणि ती मांडणाऱ्या बायका विद्यापीठातल्या नव्हत्या. अमेरिकेत १९३५ साली सामाजिक विम्याचा आणि १९३८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार या दोन वर्गांना त्यांतून वगळण्यात आले. आणि दक्षिणेत या दोन वर्गांतच कृष्णवर्णीय स्त्रियांची सर्वाधिक गर्दी होती. अटलांटा शहरी डोरोथी बोल्डन या मोलकरीणबाईंनी १९६८ साली घरकामगारांची राष्ट्रीय संघटना उभारली. पहाटेच्या बसगाड्यांत कामावर निघालेल्या बायकांशी बोलून त्यांनी सभासद मिळवले, आणि सभासदत्वाची अट घातली ती मतदार म्हणून नाव नोंदवण्याची. घरकामगारांना किमान वेतनाचे संरक्षण मिळाले ते १९७४ मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी. याच सुमारास जॉनी टिलमन, एके काळी धोबीखान्यात कपड्यांना इस्त्री करणारी बाई, सरकारी साहाय्यावर मुले वाढवणाऱ्या आयांच्या राष्ट्रीय संघटनेचे नेतृत्व करीत होत्या. १९७२ च्या आपल्या लेखात त्यांनी मांडले ते थोडक्यात असे: मूल वाढवणे आणि घर चालवणे हे खरे काम आहे, आणि त्याला मोबदला मिळाला पाहिजे.

जमिनीचा प्रश्न आजही मिटलेला नाही. १९२० साली त्या देशात कृष्णवर्णीय शेतकरी सव्वानऊ लाखांच्या आसपास होते. आज एकूण शेतकऱ्यांत त्यांचा वाटा दीड टक्क्याहूनही कमी आहे. कर्जे नाकारणे, वाटणीच्या दाव्यांत जमिनी लिलावात जाणे आणि धाकदपटशा ही त्याची कारणे न्यायालयांच्या दप्तरांत नमूद आहेत. तरीही हेमरबाईंच्या शेताचा धडा कोणी विसरले नाही. डेट्रॉइट शहरात २००६ मध्ये स्थापन झालेली कृष्णवर्णीयांची अन्नसुरक्षा संस्था शहराच्या एका उद्यानातल्या सात एकरांवर शेत कसते, आणि २०२४ साली तेथे सभासदांच्या मालकीचे सहकारी किराणा दुकान उघडले. न्यूयॉर्क राज्यात लिया पेनिमन यांच्या शेतावर तरुणांना शेतीबरोबर जमीनहक्काचा इतिहासही शिकवला जातो.

१९९० च्या मार्चमध्ये, सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रेच्या पंचविसाव्या स्मरणोत्सवाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी रांधत असतानाच जॉर्जिया गिलमोर यांना मृत्यू आला, आणि त्यांनी करून ठेवलेले अन्न त्यांच्या घरी समाचाराला आलेल्यांनी खाल्ले. हा प्रसंग सांगताना लोक गहिवरतात, ते स्वाभाविक आहे. पण त्यांचा गौरव करावयाचा तर गहिवरापेक्षा त्यांची पद्धत उचलणे अधिक योग्य. त्यांच्या मंडळाने अन्न फुकट वाटले नाही. विकले, हिशेब ठेवला, रक्कम सभेत जाहीर केली आणि ज्यांचे नाव उघड झाल्यास नुकसान होईल त्यांचे नाव झाकून ठेवले. चूल, वही आणि गुप्तता या तीन बळांवर त्या उभ्या होत्या, आणि चौथे बळ, म्हणजे स्वतःच्या देहाची देखभाल, त्यांच्या पिढीला कोणी पुरवले नाही. ते पुरवण्याचा विचार बॉस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या त्यांच्या धाकट्या बहिणींनी मांडला. दोन्ही पिढ्यांचे म्हणणे एकत्र ठेवले, तर कोणत्याही लोकचळवळीला लावता येईल अशी कसोटी हाती येते: तिच्या अंदाजपत्रकात सभामंडप, ध्वनिक्षेपक आणि पत्रके यांच्या आधी, रांधणाऱ्या आणि शुश्रूषा करणाऱ्या हातांचा मेहनताना आणि त्यांच्या आजारपणाची तरतूद लिहिलेली आहे काय? ती नसेल, तर ती चळवळ ज्या व्यवस्थेशी लढते, तिच्याच उधारीवर चालली आहे असे खुशाल समजावे.